सणासुदीच्या गर्दीत दुचाकी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

दिवाळी तोंडावर आली की खानदेशातील रस्त्यांची तऱ्हाच बदलते. पुणे, मुंबई, नाशिक आणि सुरतेकडून गावी परतणाऱ्या गाड्या, कापूस आणि मका बाजारात नेणारे ट्रॅक्टर, रावेर-यावलकडची केळी भरलेले ट्रक, शहाद्याकडे ऊस वाहणाऱ्या गाड्या आणि भाऊबीजेसाठी निघालेली कुटुंबे हे सगळे त्याच आठ-दहा दिवसांत त्याच रस्त्यांवर येतात. या वेळी आलेली बहुतेक पत्रे महामार्गाविषयी नाहीत. महामार्ग सोडून गावाकडे वळणाऱ्या अरुंद, साइडपट्टी खचलेल्या रस्त्यांविषयी आहेत. बहुतेकांनी गाडी कशी चालवावी असे विचारले आहे. त्याची उत्तरे देतोच. पण माझे ठाम मत असे आहे की, सणाच्या दिवसांतील बराचसा धोका घराच्या उंबऱ्यातच ठरून जातो. किती वाजता निघायचे, गाडीवर किती जणांनी बसायचे आणि मुक्काम करायचा की रात्रीच परतायचे, हे तेथेच ठरते; रस्त्यावरील कौशल्याचा क्रम त्यानंतरचा.

प्रश्न : भाऊबीजेला पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा यांना घेऊन शिरपूरमार्गे शहादा तालुक्यात सासरी जायचे आहे. एसटीला पाय ठेवायला जागा नसते, म्हणून दरवर्षी मोटारसायकलनेच जातो. सोबत दोन पिशव्याही असतात. काय काळजी घ्यावी? — एक वाचक, चोपडा तालुका

आपण काळजीविषयी विचारले आहे, पण माझे उत्तर असे आहे की, चौघांनी एका मोटारसायकलवर जाऊ नये. हे कडू वाटेल, तरी त्यामागची कारणे सांगतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ नुसार दुचाकीवर चालकाखेरीज एकाच व्यक्तीला बसता येते. ते मोडल्यास एक हजार रुपये दंड होतो आणि तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र ठरू शकतो. परंतु दंड ही यातली लहान बाब आहे. बहुतेक शंभर सीसीच्या गाड्यांची भारक्षमता १३० किलोच्या आसपास असते. दोन प्रौढ माणसे बसली की ती जवळजवळ संपते. त्यावर दोन मुले आणि पिशव्या चढल्या म्हणजे गाडीचे ब्रेक, टायर आणि शॉकअप ज्या वजनासाठी बनवलेले नाहीत ते वजन त्यांच्यावर पडते. वजन मागच्या चाकाच्याही मागे सरकले की पुढचे चाक हलके होते, हँडल तरंगल्यासारखे वाटू लागते आणि एरवी सहज चुकवता येणारा खड्डा चुकवता येत नाही. टाकीवर बसवलेल्या मुलाच्या पुढे हँडलखेरीज काहीच नसते. जोराचा ब्रेक लागला तर ते मूल हँडलवर आदळते आणि वडिलांचे सगळे वजन त्याच्या पाठीवर येते. पोटचे मूल आपण सर्वांत असुरक्षित जागी बसवतो, हे ध्यानात घ्यावे.

मग जायचे कसे? मला सुचतो तो मार्ग असा. पत्नी आणि मुलांनी एसटीने जावे. महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत निम्मे भाडे आहे, मुलीलाही अर्धे तिकीट लागते आणि तीन वर्षांच्या मुलाला तिकीटच नाही. म्हणजे खर्चाची अडचण मोठी नाही. अडचण गर्दीची आहे आणि गर्दी भाऊबीजेच्या सकाळी सर्वाधिक असते. पाडव्याच्या दिवशी दुपारी किंवा भाऊबीजेच्या पहिल्या गाडीने निघाल्यास जागा मिळण्याची शक्यता बरीच वाढते. सासरी गेल्यावर फिरायला गाडी हवी असेल तर आपण एकट्याने पिशव्या घेऊन मोटारसायकलने यावे. पिशव्या हँडलला अडकवू नयेत, मागच्या सीटवर दोरीने आवळून बांधाव्यात आणि दोरीचे टोक लोंबकळत ठेवू नये.

एखाद्या वेळी आपण आणि लहान मुलगा असे दोघेच जाणार असाल, तर चार वर्षांखालील मुलांसाठीचा नियम माहीत असू द्या. १५ फेब्रुवारी २०२३ पासून अशा मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा आणि त्याच्या मापाचे हेल्मेट आवश्यक आहे आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नेता येत नाही. मुलगी चार वर्षांहून मोठी असल्याने तिला सगळ्यांप्रमाणेच हेल्मेट बंधनकारक आहे. मुलांच्या मापाची हेल्मेटे मिळतात. मोठ्यांचे हेल्मेट मुलाच्या डोक्यावर ठेवल्याने काहीही साधत नाही, कारण धक्का बसताच ते आधी निघून पडते.

प्रश्न : आमच्या गावाच्या रस्त्यावर दिवाळीनंतर दोन्ही बाजूंना मका वाळत घातलेला असतो, आणि संध्याकाळी कापसाच्या ट्रॉल्या दिव्याशिवाय चालतात. सणाला गेलेलो परतताना अंधार होतोच. अशा रस्त्यावर कसे चालवावे? — एक वाचक, जामनेर तालुका

हा प्रश्न केवळ जामनेरचा नाही. पाचोऱ्यापासून शिंदखेड्यापर्यंत हेच चित्र आहे. शेतकऱ्याला खळे राहिलेले नाही आणि ओला मका व्यापारी भाव पाडून घेतो, म्हणून डांबर हेच त्याचे खळे झाले आहे. त्याची गरज खरी आहे, तसा दुचाकीस्वाराचा धोकाही खरा आहे.

सुट्या दाण्यांवर टायर डांबराला टेकतच नाही, तो दाण्यांवरून घरंगळतो. अशा वेळी ब्रेक दाबला किंवा हँडल वळवले तर गाडी जागेवर आडवी होते. म्हणून दाणे दिसताच, त्यांच्यावर जाण्याआधीच वेग उतरवावा. दाण्यांवरून जावेच लागले तर ॲक्सिलरेटर स्थिर ठेवून, ब्रेकला हात न लावता, सरळ रेषेत पुढे जावे. दाण्यांपेक्षाही घातक असतात ते त्यांच्या कडेने राखणीसाठी मांडलेले दगड. मका दुपारी भरून नेला जातो, दगड मात्र तेथेच राहतात आणि रात्री काळ्या डांबरावर काळा दगड दिसत नाही. मका वाळवणाऱ्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे की, गोणी भरताना दगडही उचलून बांधावर टाकावेत. पाच मिनिटांचे काम आहे.

आता ट्रॉलीविषयी. कापूस भरलेली ट्रॉली मागून नीट पाहिली आहे का? कापूस दोन्ही बाजूंना फळ्यांच्या बाहेर फुगलेला असतो, वरून ताडपत्री ओढून दोरांनी आवळलेली असते आणि त्या ताडपत्रीची झालर नेमकी रिफ्लेक्टरवर येऊन लोंबते. मागचा दिवा असलाच तर धुळीने आणि चिखलाने माखलेला असतो. अशी ट्रॉली ताशी १५-२० किलोमीटरने चालत असते. त्या मागच्या भिंतीवर आपण ६० च्या वेगाने जातो तेव्हा काय होते, त्याचा हिशेब करून पाहा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरहून अधिक. अडथळा दिसून हात-पाय ब्रेकपर्यंत जाण्यास एक सेकंद धरला, तर कोरड्या, चांगल्या डांबरावरही गाडी थांबेपर्यंत सुमारे ४० मीटर जातात. ४० च्या वेगाला हेच अंतर साधारण २० मीटरवर येते. डिपरवर ठेवलेल्या साध्या मोटारसायकलच्या दिव्याचा उपयोगी उजेड ३०-४० मीटरपलीकडे फारसा जात नाही. म्हणजे ६० च्या वेगाने जाणारा माणूस आपल्याच उजेडाच्या पुढे धावत असतो. अडथळा दिसतो तेव्हा थांबण्याची जागा उरलेली नसते. म्हणूनच दिवा असतानाही रात्री गावच्या रस्त्यावर ४० च्या वर जाऊ नये असे मी म्हणतो.

समोरून येणाऱ्याने अप्पर लावलेलाच असेल तर त्याच्या दिव्याकडे पाहू नये. नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर, पांढरी पट्टी असल्यास तिच्यावर ठेवावी आणि वेग लगेच कमी करावा. समोरची गाडी निघून गेल्यावर काही क्षण डोळ्यांपुढे अंधार असतो आणि नेमक्या त्याच क्षणी पुढे सायकलस्वार किंवा बैलगाडी असू शकते. सूड म्हणून आपणही अप्पर मारला तर दोघेही आंधळे होतात. हेल्मेटची काच ओरखडलेली असेल तर समोरचा प्रकाश तिच्यावर फाकतो. सणाआधी ती बदलून घ्यावी, आणि काळी काच रात्री मुळीच वापरू नये.

एवढे सांगूनही मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते वेगळेच आहे. नोव्हेंबरच्या आरंभी आपल्याकडे सूर्य सहाच्या आतच मावळतो. पाहुण्यांकडे दुपारचे जेवण चार वाजेपर्यंत लांबते, मग चहा, मग ओवाळणी, मग निघताना पुन्हा फराळाचा डबा, आणि उंबरा ओलांडेपर्यंत साडेसहा वाजतात. दीड तासाचा रस्ता असेल तर ओवाळणी सकाळी उरकून चारच्या सुमारास निघावे. ते शक्य नसेल तर मुक्काम करावा. ‘अंधार पडतोय, आज राहा’ असे घरच्यांनी म्हणावे आणि पाहुण्यानेही ते मानावे.

प्रश्न : मी मागे एका बाजूला पाय सोडून बसते. साडी नेसून दोन्हीकडे पाय टाकून बसणे जमत नाही आणि सणाच्या दिवशी केस बांधलेले असताना हेल्मेटही नकोसे होते. मागे बसणाऱ्यालाही ते खरेच लागते का? — एक वाचक, साक्री

ताई, खरेच लागते, आणि मागे बसणाऱ्याला अधिकच लागते असे मी म्हणेन. चालकाला समोरचा खड्डा दिसतो, त्याच्या हातात हँडल असते. आपल्याला गचक्याची आधी कल्पनाही नसते आणि एका बाजूला बसल्यामुळे तोल आधीच कललेला असतो. खेड्यातल्या रस्त्यावरील रंग न मारलेला गतिरोधक मागे बसलेल्या बाईला उचलून मागे टाकतो आणि ती डोक्याच्या मागच्या भागावर पडते. मोटार वाहन कायद्याचे हेल्मेटविषयीचे कलम १२९ चालक आणि मागे बसणारा असा भेद करत नाही.

आयएसआय चिन्ह आणि आयएस ४१५१ हा मानक क्रमांक असलेले, डोक्याला घट्ट बसणारे हेल्मेट घ्यावे. पट्टा लावून मागून वर ढकलून पाहावे. निघून आले तर ते माप आपले नाही. अंबाडा मानेच्या खाली सैल बांधला तर अडचण होत नाही. गजरा पिशवीत ठेवून पोहोचल्यावर माळावा.

शक्यतो प्रवासापुरता पंजाबी ड्रेस घालून दोन्हीकडे पाय टाकून बसावे, हे उत्तम. साडीच नेसायची असेल तर पदर कमरेला खोचून पिन लावावी, ओढणी असेल तर तिची टोके बांधून जॅकेटच्या आत घ्यावीत. मागच्या चाकावरील जाळी, म्हणजे साडी गार्ड, काढून टाकलेली असेल तर ती पुन्हा बसवून घ्यावी. मागच्या चाकाचे आच्छादन, हाताची पकड आणि पायटा या तिन्ही गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियमांनी दुचाकीवर आवश्यक ठरवल्या आहेत. दिसायला गाडी ‘मोकळी’ वाटावी म्हणून मुले जाळी काढतात, आणि त्या चाकात पदर गुंतला की तो गळ्यापर्यंत ओढला जातो. गाडी कोण चालवतो यापेक्षा गाडीला जाळी आहे का, हे आपण बसण्यापूर्वी पाहावे.

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा आहे, गाडी उत्तम चालवतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणीला आणायला मुऱ्हाळी म्हणून त्याला पाठवावे का? — एक पालक, पाचोरा

पाठवावे, पण एसटीने. गिअरची मोटारसायकल चालवण्यास १८ वर्षे पूर्ण लागतात. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर कलम १९९-अ नुसार पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. गाडी वळवता येणे आणि समोरचा ट्रॅक्टर आता काय करील हे ओळखता येणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर भरायला वय लागते.

प्रश्न : आम्ही मित्र दरवर्षी काठीच्या राजवाडी होळीला दुचाकीने जातो, रात्रभर जागून सकाळी परततो. झोप येऊ नये म्हणून काय करावे? — एक वाचक, नंदुरबार

झोप येऊ नये यासाठी झोपण्याखेरीज दुसरा उपाय नाही. अक्कलकुवा तालुक्यातील काठीची होळी पहाटे पेटते, रात्रभर ढोल आणि नाच चालतो. साहजिकच सकाळी उन्हाबरोबर जे परततात त्यांच्या अंगात चोवीस तासांचा शीण असतो, आणि तोही डोंगरातील वळणांच्या रस्त्यावर. चहा, गाणी, तोंडावर पाणी यांनी दहा-पंधरा मिनिटे डोळे उघडे राहतात, पण मधल्या मधे दोन-तीन सेकंदांची डुलकी लागते ती आपल्याला कळतही नाही. ताशी ५० च्या वेगाने तीन सेकंदांत गाडी ४० मीटरहून अधिक पुढे जाते, आणि सातपुड्यात ४० मीटर सरळ रस्ता क्वचितच मिळतो. त्यामुळे तेथेच सावलीत तीन-चार तास झोपून दुपारी निघावे. ज्याने घोटभरही घेतली असेल त्याला गाडीवर मागेही बसवू नये. डुलणारा मागचा माणूस चालकाचा तोल घालवतो. होळीआधी भरणाऱ्या आदिवासींच्या भोंगऱ्याच्या बाजारांच्या आठवड्यातही त्या रस्त्यांवर पायी आणि जीपने जाणाऱ्यांची दाटी असते, तेव्हा वळणावर हॉर्न द्यावा आणि आपली बाजू सोडू नये.

याच संदर्भात पायी जाणाऱ्यांविषयी लिहितो. चैत्रात सप्तशृंग गडाकडे निघालेल्या आपल्याकडच्या पदयात्रा ऊन टाळण्यासाठी पहाटे आणि रात्री चालतात. माणसे दमलेली असतात, डांबराच्या कडेने दोन-तीनच्या रांगेत चालतात आणि मागचा आवाज त्यांना भजनात ऐकू येत नाही. हॉर्न वाजवून त्यांना बाजूला व्हायला लावू नये, कारण दचकलेला माणूस कोणत्या बाजूला जाईल हे सांगता येत नाही. वेग पायी चालण्याच्या जवळ आणून, पुरेसे अंतर सोडून पुढे जावे. यात्राकाळात खासगी वाहने गडाखालीच थांबवून नांदुरीहून एसटीने वर नेले जाते, तेव्हा दुचाकीने थेट वर जाण्याची घाई करण्यातही अर्थ नाही.

प्रश्न : घाट उतरताना पेट्रोल वाचावे म्हणून गाडी बंद करून न्यूट्रलवर सोडतो. चालते ना? — एक वाचक, चाळीसगाव

नाही. कन्नडचा घाट असो की तोरणमाळचा, ज्या गिअरमध्ये गाडी चढली असती त्याच गिअरमध्ये ती उतरवावी. गिअरमध्ये असताना इंजिनच चाकाला रोखून धरते. न्यूट्रलवर सगळा भार ब्रेकवर येतो, सतत दाबल्याने ड्रम आणि लायनर तापतात आणि तापलेला लायनर नीट पकडत नाही. पायडल खाली जाते पण गाडी हळू होत नाही, असे जे लोक सांगतात ते हेच. ब्रेक सतत दाबून न ठेवता वळणाच्या आधी दाबून सोडावा, पुढचा आणि मागचा दोन्ही मिळून वापरावेत. वाचणारे पेट्रोल काही थेंबांचे असते.

प्रश्न : लांब जाताना टायरमध्ये हवा किती ठेवावी? — एक वाचक, अमळनेर

मॅन्युअलमध्ये किंवा गाडीवरील पट्टीवर एकट्यासाठी आणि दोघांसाठी असे वेगवेगळे आकडे दिलेले असतात. दोघे बसणार असाल तर मागच्या टायरला दुसरा आकडा घ्यावा. हवा टायर थंड असताना तपासावी. टायरच्या खाचांत असलेले लहान उंचवटे नक्षीच्या बरोबरीला आले असतील तर तो टायर सणाआधीच बदलावा.

प्रश्न : रस्त्यात अपघात दिसला तर थांबावेसे वाटते, पण पोलीस चौकशीत अडकवतील या भीतीने लोक पुढे जातात. काय करावे? — एक वाचक, धुळे

थांबावे. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम १३४-अ मुळे सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव-पत्ता देण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

प्रथम आपली गाडी अपघाताच्या अलीकडे, रस्त्याच्या बाहेर लावून तिचे दिवे चालू ठेवावेत, आणि कोणाला तरी मागून येणाऱ्या वाहनांना हात दाखवण्यासाठी बऱ्याच अंतरावर उभे करावे, कारण अंधारात दुसरी गाडी त्याच जागी येऊन आदळते. जखमीला ओढून बसवू नये, पाणी पाजू नये. श्वास घेता येत असेल तर त्याचे हेल्मेट तसेच राहू द्यावे. वाहते रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरावे. १०८ किंवा ११२ ला फोन लावताना ‘चोपड्याकडच्या रस्त्यावर’ एवढेच सांगून भागत नाही. गर्दीच्या दिवसांत रुग्णवाहिकेचा बराच वेळ जागा शोधण्यात जातो. कडेच्या किलोमीटरच्या दगडावरील गावाचे नाव आणि आकडा वाचून सांगावा, मागचे आणि पुढचे गाव सांगावे, फरशी पूल किंवा जिनिंग मिल यांसारखी ठळक खूण सांगावी, आणि गाडी येईपर्यंत तो फोन दुसऱ्या कामासाठी वापरू नये.